टेनिस की बॅडमिंटन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅकेटचा एखादा खेळ शिकायचं मनात आलं की पहिला प्रश्न हाच पडतो. दोन्ही खेळ आवडीने पाहणाऱ्यांमध्येही यावरून वाद रंगतात. सतत कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे ते स्पष्ट सांगितलं आहे.

दोन्हीकडे रॅकेट, मध्ये जाळी. मग मूळ फरक कोणता?

टप्प्याचा. टेनिसमध्ये चेंडू आपल्या बाजूला एकदा टप्पा घेऊ शकतो. बॅडमिंटनमध्ये शटल जमिनीला लागलं की रॅली, म्हणजे एका गुणासाठी चाललेली फटक्यांची देवाणघेवाण, संपली. बाकीचे बहुतेक फरक या एका नियमातून निघतात.

टप्प्यामुळे टेनिसपटूला थोडी उसंत मिळते. मागे सरायचं, पाय रोवायचे, हात पूर्ण फिरवून फटका मारायचा. त्या बदल्यात चेंडूची फिरकी, टप्प्याची उंची आणि जमिनीचा स्वभाव हे सगळं त्याला सांभाळावं लागतं. बॅडमिंटनमध्ये जमिनीचा उपयोग पळण्यापुरता. शटल जितक्या लवकर आणि जितक्या उंचावर गाठाल, तितका डाव तुमच्या हातात. उशीर झाला आणि शटल जाळीच्या उंचीखाली उतरलं, की ते वर उचलून देण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. म्हणून मी टेनिसला जागेचा खेळ म्हणते आणि बॅडमिंटनला वेळेचा. टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याला कोर्टाबाहेर ओढून मोकळी जागा तयार करतात, बॅडमिंटनमध्ये त्याच्याकडचा वेळ काढून घेतात.

दुसरा फरक ज्याला मारायचं त्याचा. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे चेंडूच्या दहाव्या हिश्शाइतकं. त्यात बुचाच्या गोल बुडात १६ पिसं खोचलेली असतात. जड चेंडू वेग टिकवून ठेवतो, पिसांचं शटल हवेत चटकन मंदावतं.

जास्त वेगवान खेळ कोणता?

नुसते आकडे पाहिले तर बॅडमिंटन, आणि तेही फार मोठ्या फरकाने. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या स्मॅशचा, म्हणजे उंचावरून खाली मारलेल्या जोरदार फटक्याचा, वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. टेनिसमध्ये जॉन इस्नरची २०१६ ची ताशी २५३ किलोमीटरची सर्व्हिस पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेने मान्य केलेली सर्वांत वेगवान सर्व्हिस आहे. सॅम ग्रोथने २०१२ मध्ये ताशी २६३ किलोमीटरची सर्व्हिस केली होती, पण तिला ती मान्यता मिळाली नाही.

या आकड्यांची थेट तुलना मात्र योग्य नाही. सात्त्विकचा विक्रम सामन्यात झालेला नाही, तो खास मोजणीसाठी मारलेला फटका होता. शिवाय शटलचा वेग रॅकेट सोडताक्षणीचा असतो. उंचावरून सोडलेलं शटल कितीही खाली आलं तरी ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपासच पडत राहतं, यावरून हवा त्याला किती अडवते ते कळेल. टेनिसचा चेंडू टप्पा पडल्यानंतरही बराच वेग राखून अंगावर येतो.

खेळणाऱ्याला जाणवतो तो वेग वेगळाच असतो. टेनिसमध्ये जोरदार सर्व्हिस परतवायला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो आणि पुढच्या फटक्यांत त्याहून जास्त. बॅडमिंटनच्या दुहेरीत जाळीजवळची चकमक सुरू झाली की तेवढाही मिळत नाही, आणि अशा फटक्यांची रांगच लागते. खेळताना बॅडमिंटन जास्त वेगवान वाटतो हे माझं ठाम मत आहे.

टेनिसचं कोर्ट मोठं, म्हणजे टेनिसमध्ये जास्त दमछाक होते का?

असं वाटणं साहजिक आहे. टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब, एकेरीसाठी ८.२३ आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद असतं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब, एकेरीसाठी ५.१८ आणि दुहेरीसाठी ६.१० मीटर रुंद. दुहेरीच्या मापाने टेनिसच्या एका कोर्टाचं क्षेत्रफळ बॅडमिंटनच्या तीन कोर्टांहून थोडं जास्तच भरतं.

पण दमछाक कोर्टाच्या मापावर ठरत नाही, चेंडू किंवा शटल प्रत्यक्ष किती वेळ खेळात असतं यावर ठरते. १९८५ च्या दोन अंतिम सामन्यांची तुलना यासाठी नेहमी दिली जाते. विम्बल्डनमध्ये बोरिस बेकरने केव्हिन करनला हरवलं तो सामना ३ तास १८ मिनिटं चालला आणि त्यात चेंडू खेळात होता सुमारे १८ मिनिटं. त्याच वर्षी बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेत हान जियानने मॉर्टन फ्रॉस्टला हरवलं. तो सामना १ तास १६ मिनिटांचा, आणि शटल खेळात होतं ३७ मिनिटं. वेळ निम्म्याहून कमी, काम दुप्पट.

ही तुलना बॅडमिंटनप्रेमी फार आनंदाने सांगतात, मीही सांगते, पण तिच्यात टेनिसवर थोडा अन्याय आहे. तेव्हाची हिरवळ वेगवान होती, दोघेही दणदणीत सर्व्हिस करणारे, त्यामुळे रॅली दोन-तीन फटक्यांतच संपत. मातीच्या कोर्टावरचा सामना घेतला तर चित्र बरंच बदलतं. थकव्याची जातही वेगळी आहे. टेनिसपटू भर उन्हात तीन-चार तास उभा असतो, आडवं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. बॅडमिंटनपटू तासाभरात अगणित वेळा उडी मारतो, गुडघ्यात खोल वाकतो, मागे झेपावतो आणि परत मध्यावर येतो. टेनिसमध्ये शेवटी पाय जड होतात, बॅडमिंटनमध्ये आधी श्वास पुरेनासा होतो.

नवशिक्याने कोणता खेळ निवडावा?

पहिल्याच दिवशी खेळल्याचा आनंद हवा असेल तर बॅडमिंटन. रॅकेट ८० ते ९० ग्रॅमची, शटल हवेत मंदावतं, त्यामुळे अजिबात शिक्षण नसलेली दोन माणसंही अर्ध्या तासात दहा-पंधरा फटक्यांची रॅली करू लागतात. टेनिसमध्ये हे सुख उशिरा मिळतं. तीनशे ग्रॅमच्या आसपासची रॅकेट, जिवंत उसळणारा चेंडू आणि पहिले काही आठवडे निम्मा वेळ चेंडू गोळा करण्यात जातो. त्या काळात अनेकजण खेळ सोडतात. चांगला प्रशिक्षक मिळाला, किंवा मोठ्यांनीही सुरुवातीला मऊ, कमी उसळीचे चेंडू वापरले, तर हा काळ खूप सुसह्य होतो.

पुढे मात्र गणित उलटतं. टेनिसमध्ये फोरहँड, बॅकहँड आणि बरी सर्व्हिस जमली की तुम्ही खरोखर टेनिस खेळू लागता. बॅडमिंटनमध्ये हौशी खेळाडू एका पातळीवर वर्षानुवर्षं अडकून पडतो, कारण पुढची पायरी हातात नसून पायांत असते. फटका मारून मध्यावर परतणं, कोर्टाच्या सहा ठिकाणांकडे जाणारी पावलं, प्रतिस्पर्धी फटका मारायच्या बेतात असताना घेतलेली छोटी उसळी, हे शिकवल्याशिवाय येत नाही. आपल्याला बॅडमिंटन येतं असं मानणाऱ्याला नियमित सराव करणाऱ्याशी एक गेम खेळवून पाहा. तीन-चार गुणांच्या पुढे गाडी क्वचितच जाते.

टेनिसमध्ये सर्व्हिसला एवढं महत्त्व का, आणि बॅडमिंटनमध्ये का नाही?

टेनिसमध्ये सर्व्हिस डोक्यावरून मारता येते, जाळी मध्यभागी फक्त ९१.४ सेंटिमीटर उंच असते आणि पहिली हुकली तर दुसरी संधी मिळते. म्हणून पहिल्या सर्व्हिसवर धोका पत्करता येतो आणि बिनतोड सर्व्हिसचे गुण मिळतात. बॅडमिंटनची जाळी मध्यभागी १.५२४ मीटर. सर्व्हिस खालून वर करावी लागते, २०१८ पासून सर्व्हिसच्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं, आणि संधी एकच. शटल खालून वर जाणार म्हणजे पहिला हल्ला परतवणाऱ्याच्या हाती. त्यामुळे बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस म्हणजे ‘माझ्यावर लगेच तुटून पडता येणार नाही’ अशी केलेली सुरुवात, तर टेनिसमध्ये तो पहिला वार असतो.

दुहेरीत बॅडमिंटनची छोटी सर्व्हिस जाळीला घासून जाईल इतकी खाली ठेवणं हे फार नाजूक कौशल्य आहे. शटलला विचित्र गिरकी देणारी नवी सर्व्हिस आली, ती परतवणं जवळजवळ अशक्य होऊ लागलं आणि २०२३ मध्ये जागतिक महासंघाने तिच्यावर बंदी घातली. मला तो निर्णय योग्य वाटतो. सर्व्हिसवरच गुण संपू लागले तर या खेळाचा प्राणच जाईल.

गुणांची पद्धत कोणाची चांगली?

बॅडमिंटनची समजायला सोपी. २००६ मध्ये आलेल्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला गुण, २१ गुणांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी हवी आणि ३० वर गेम संपतो. गुणांची संख्या कमी करून सामने आटोपशीर करावेत ही चर्चा मात्र तेव्हापासून थांबलेली नाही.

टेनिसची पद्धत, म्हणजे १५, ३०, ४०, ड्यूस (४०-४० ची बरोबरी), गेम, सेट, नव्या प्रेक्षकाला गोंधळात टाकते. तरी नाट्याच्या दृष्टीने मला तीच श्रेष्ठ वाटते. तिच्यात सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात. ४०-० वर गमावलेला गुण विसरता येतो, ३०-४० वर गमावलेला सेट घेऊन जातो. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने एकूण २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४, आणि विजेतेपद जोकोविचने नेलं. सेट बरोबरीत आल्यावर तो निकालात काढणारे तीनही टायब्रेकर त्याने जिंकले होते. बॅडमिंटनमध्येही कमी गुण मिळवून जिंकणं शक्य आहे, पण मोक्याच्या गुणांचं पारडं इतकं जड नसतं.

सामने किती वेळ चालतात?

बॅडमिंटनची एकेरी साधारण ४० मिनिटं ते सव्वा तास. टेनिसमध्ये तीन सेटचा सामना दीड-दोन तासांचा आणि ग्रँड स्लॅम म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधला पुरुषांचा पाच सेटचा सामना चार तासांपलीकडेही जातो.

टोकाची उदाहरणं दोन्हीकडे आहेत. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि निकोला महू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले, शेवटचा सेट ७०-६८. आता असं होणार नाही, कारण २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेट ६-६ झाला की दहा गुणांचा टायब्रेकर होतो. बॅडमिंटनमध्ये २०१६ च्या आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचा एक सामना १६१ मिनिटं चालला. ग्लासगोमध्ये २०१७ ला नोझोमी ओकुहारा आणि पी. व्ही. सिंधू यांचा जागतिक अंतिम सामना ११० मिनिटांचा होता; त्यातला दुसरा गेम ७३ फटक्यांच्या रॅलीने संपला. ती रॅली पाहिल्यावर बॅडमिंटनला कोणी हलकाफुलका खेळ म्हणणार नाही.

टीव्हीवर पाहायला कोणता जास्त रंगतो?

टीव्हीवर टेनिस, प्रत्यक्ष बॅडमिंटन. कॅमेरा कोर्टाच्या मागून, उंचावरून लावलेला असतो. टेनिसमध्ये त्या कोनातून मोकळी जागा, फटक्याची दिशा, कोण कोणाला कोपऱ्यात ढकलतोय हे सगळं कळतं. दोन गुणांमधल्या विरामात खेळाडूच्या चेहऱ्यावरचा ताणही दिसतो. बॅडमिंटनमध्ये तोच कॅमेरा उंची चपटी करून टाकतो. स्मॅशचा उतार, जाळीवर टेकून पडणारा ड्रॉप, उडीची उंची यातलं निम्मं पडद्यावर हरवतं. प्रेक्षागृहात कोर्टाच्या बाजूला बसून एखादा चांगला सामना पाहिला की शटलचा आवाज आणि खेळाडूंच्या बुटांची करकर यातूनच खेळाची लय कळते.

बॅडमिंटन पाहताना शटलमागे डोळे पळवू नका. थोडा वेळ एकाच खेळाडूच्या पायांकडे पाहा. तो फटक्यानंतर मध्यावर वेळेत परततोय का, कोणत्या कोपऱ्यात त्याला उशीर होतोय, हे दिसू लागलं की गुण कुठे जाणार ते आधीच कळतं. टेनिस पाहताना दुसऱ्या सर्व्हिसवर लक्ष ठेवा. कोणाची सर्व्हिस भेदली जाणार, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम कोण गमावणार, याचा सुगावा तिथे लागतो.

दुहेरी कोणत्या खेळात जास्त चांगली?

बॅडमिंटनमध्ये, आणि यात मला जराही शंका नाही. टेनिसची दुहेरी सुंदर आहे, पण बहुतेक मोठे खेळाडू एकेरीलाच वाहिलेले असतात. बॅडमिंटनमध्ये पाचही प्रकार, म्हणजे दोन एकेरी, दोन दुहेरी आणि मिश्र दुहेरी, जवळपास सारख्याच मानाचे आहेत, आणि दुहेरीचे खेळाडू आयुष्यभर दुहेरीच खेळतात. हल्ला करताना एक मागे, एक पुढे; बचाव करताना दोघे आजूबाजूला. ही अदलाबदल रॅलीत कितीतरी वेळा न बोलता होते. मार्कस गिडियॉन आणि केव्हिन सुकामुल्जो या इंडोनेशियन जोडीच्या चित्रफिती पाहिल्यात तर मी काय म्हणते ते लगेच पटेल. मिश्र दुहेरी १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

जमीन आणि हवा यांचा किती परिणाम होतो?

टेनिसमध्ये जमिनीचा प्रचंड. मातीवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो, हिरवळीवर खाली राहून सरकतो, हार्ड कोर्ट या दोन्हींच्या मधलं. फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकणाऱ्या नदालची जड फिरकी मातीवर खांद्याच्या वर उसळायची, यातच त्याच्या तिथल्या वर्चस्वाचं बरंचसं उत्तर आहे.

बॅडमिंटनमध्ये जमीन सगळीकडे जवळपास सारखी, फरक हवेचा. मोठ्या सभागृहातल्या वातानुकूलनाच्या झोताने शटल एका बाजूला जरा जास्त वाहवतं. एका टोकाकडून मारलेला फटका बाहेर जातो, दुसऱ्या टोकाकडून तोच आखूड पडतो. उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असल्याने शटल लांब जातं, म्हणून तिथे कमी वेगाचं शटल घेतात. उघड्यावर पिसांच्या शटलने बॅडमिंटन खेळण्यात अर्थ नाही. बाहेरच खेळायची सोय असेल तर सरळ टेनिस निवडा.

दुखापती कशात जास्त?

टेनिसमध्ये कोपर, खांदा आणि पाठीचा खालचा भाग. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात, आणि हौशी खेळाडूंमध्ये चुकीचा बॅकहँड किंवा फार ताठ तारा हे त्यामागचं नेहमीचं कारण असतं. बॅडमिंटनमध्ये घोटा, गुडघा आणि टाचेमागची शीर. रिओ ऑलिंपिकची सुवर्णविजेती कॅरोलिना मारिन २०१९, २०२१ आणि २०२४ अशा तीन वेळा गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर पडली. तिसऱ्या वेळी तर पॅरिसच्या उपांत्य सामन्यात, आघाडीवर असताना.

बॅडमिंटनसाठी बूट बॅडमिंटनचेच घ्या. पळायच्या बुटांचा तळ जाड आणि उंच असतो, आडव्या हालचालीत घोटा त्यावरूनच मुरगळतो.

डोळ्यांचं विसरू नका. शटलचं बूड डोळ्याच्या खाचेत बसेल एवढं लहान असतं. दुहेरीत जाळीजवळ असताना मागे वळून जोडीदाराकडे पाहायची सवय लगेच मोडा.

आरोग्याला कोणता चांगला? उतारवयात कोणता?

कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांचा २५ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुर्मान ९.७ वर्षांनी आणि बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं ६.२ वर्षांनी जास्त आढळलं. खेळल्यानेच आयुष्य वाढलं असं यातून सिद्ध होत नाही, कारण टेनिस खेळणाऱ्यांची आर्थिक आणि सामाजिक स्थितीही वेगळी असू शकते. पण दोन्ही खेळ या यादीत सर्वांत वर आले, हे महत्त्वाचं.

पन्नाशीनंतर दुहेरी खेळा, खेळ कोणताही असो. टेनिसची दुहेरी सांध्यांना जास्त सांभाळून घेते. रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी, २०२४ मध्ये, दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. बॅडमिंटनमध्ये त्या वयात अव्वल पातळीवर टिकणं जवळपास अशक्य आहे.

मुलांना दोन्ही एकदम शिकवावेत का? एकामुळे दुसरा बिघडतो का?

दहा-बारा वर्षांपर्यंत खुशाल दोन्ही खेळू द्या. नजर, पावलं, अंदाज हे दोन्हीकडे उपयोगी पडतं. टेनिससाठी लाल, नारिंगी आणि हिरवे मंद चेंडू याच वयासाठी आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो.

गंभीर सराव सुरू झाला की मात्र हात गोंधळतो. टेनिसमध्ये मनगट स्थिर ठेवून खांदा आणि कंबरेतून फटका येतो. बॅडमिंटनमध्ये मूठ सैल असते, बाहू झटकन फिरतो आणि शेवटच्या क्षणी बोटं आवळली जातात. टेनिसपटू बॅडमिंटन खेळायला आला की शटलला ढकलतो, बॅडमिंटनपटू टेनिस खेळायला गेला की मनगट दुखवून घेतो. मोठ्यांनी आधी एक खेळ वर्ष-दोन वर्षं नीट शिकावा, मग दुसऱ्याला हात घालावा.

पाहायला सुरुवात कोणत्या सामन्यांपासून करू?

टेनिससाठी नदाल आणि फेडररचा २००८ चा विम्बल्डन अंतिम सामना. पाच सेट, ४ तास ४८ मिनिटं, शेवटचा सेट ९-७, आणि दोन पूर्ण वेगळ्या शैली समोरासमोर. बॅडमिंटनसाठी चीनचा लिन दान आणि मलेशियाचा ली चोंग वेई. त्यांच्या लढती क्रमानेच पाहा: २०११ चा लंडनमधला जागतिक अंतिम सामना, जो लिनने २०-२२, २१-१४, २३-२१ असा घेतला, त्यानंतर २०१२ चा ऑलिंपिक अंतिम सामना, तिसरा गेम २१-१९, तोही लिनचा, आणि मग २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची उपांत्य फेरी, जिथे लीने १५-२१, २१-११, २२-२० असं अखेर त्याला हरवलं.